करबुड्याच्या बोगद्यातली सव्वापाच मिनिटं

रत्नागिरी यायच्या थोडं आधी, उक्षी आणि भोके या दोन लहान स्टेशनांच्या मध्ये, करबुड्याचा बोगदा लागतो. साडेसहा किलोमीटर लांब, कोकण रेल्वेवरचा सगळ्यात मोठा. गाडी ताशी ७५ किलोमीटरनं चालली असेल तर आत शिरल्यापासून उजेड दिसेपर्यंत सव्वापाच मिनिटं जातात. मोकळ्या रानात चाकांचा खडखडाट चारी दिशांना पांगतो. बोगद्यात त्याला पांगायला जागाच नसते, तो भिंतींवर आपटून उघड्या खिडक्यांतून पुन्हा डब्यात येतो. गप्पा आपोआप थांबतात, वरच्या बर्थवरचं कुणीतरी दचकून उठतं.

माझा भाचा या सव्वापाच मिनिटांसाठी वर्षभर थांबतो. तो चौदा वर्षांचा आहे. खिडकीच्या गजांना गाल लावून तो तो आवाज अंगात मुरवून घेतो आणि बोगदा संपला की त्याचा चेहरा पोटभर जेवल्यासारखा दिसतो. त्याची बहीण नऊ वर्षांची. तिला तोच आवाज दुखतो. ‘आवडत नाही’ असं मी म्हणणार नाही, किडलेल्या दाढेवर गार पाणी लागावं तसा दुखतो. दोघांनाही ऑटिझम आहे. दोघांच्या फायलींत डॉक्टरांनी एकच शब्द लिहिलाय, आणि त्या एका शब्दाच्या भरवशावर आम्ही पहिला प्रवास आखला होता. तो साफ फसला.

आमचं गावचं घर कुडाळजवळच्या एका वाडीत. गणपतीला गावी जायचं की नाही, हा प्रश्न आमच्याकडे विचारायचा नसतो. चाकरमानी जातो. पण भावाच्या घरात तो प्रश्न सहा वर्षं दर श्रावणात उभा राहायचा आणि दर वर्षी ‘यंदा नको’वर मिटायचा. वहिनी म्हणायची, एक मूल असतं तर कधीच गेलो असतो.

हे वाक्य मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं, एकाच्या दुप्पट म्हणजे दोन: दुप्पट सामान, दुप्पट तयारी, दुप्पट माणसं. पण भाचा अस्वस्थ झाला की रेल्वेच्या घोषणा म्हणू लागतो, मराठी, हिंदी, इंग्रजी अशा ओळीनं, खणखणीत आवाजात, गाडीच्या नंबरासकट. त्यानं त्याला शांत वाटतं. आणि त्या खणखणीत आवाजानं बहीण कान दाबून किंचाळते. तिची किंचाळी ऐकली की त्याची अस्वस्थता वाढते आणि घोषणा आणखी मोठ्यानं सुरू होतात. हे चक्र मी पाहिलंय. याला दुप्पट म्हणत नाहीत.

मराठीत या अवस्थेला ‘स्वमग्नता’ असा शब्द रुळलाय. दिसायला देखणा, पण मला तो खटकतो. मूळ ‘ऑटिझम’मध्येही ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे ‘स्वतः’ आहेच. स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो शब्द स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी घडवला, आणि १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचं वर्णन करताना तो उचलला. दोघांनी बाहेरून पाहिलं आणि त्यांना आत मिटलेलं माणूस दिसलं. माझ्या भाचीकडे पाहिलं तर उलटंच वाटतं. जग तिच्यात नको तितकं शिरतं. पंख्याची घरघर, शेजारणीच्या पिशवीतला सुक्या बोंबलांचा वास, समोरच्याच्या बांगड्या, ट्यूबलाइटची थरथर. आपला मेंदू यातलं बरंचसं दारातूनच परत पाठवतो. तिच्याकडे दाराला कडीच नाही. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेतही ही संवेदनांची गोष्ट २०१३ च्या आवृत्तीत निकषांमध्ये आली. आत्मकथनं लिहिणाऱ्या ऑटिस्टिक व्यक्ती ती त्याआधीपासून सांगत होत्या.

‘स्पेक्ट्रम’ हा शब्द आला तो लंडनच्या लोर्ना विंग यांच्यामुळे. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या आणि एका ऑटिस्टिक मुलीच्या आईही. १९७९ मध्ये ज्युडिथ गूल्ड यांच्यासह त्यांनी लंडनच्या कॅम्बरवेल भागातल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि कॅनर यांच्या चौकटीत न बसणारी पुष्कळ मुलं त्याच कुळातली आहेत हे दाखवलं. आपल्याकडे मात्र स्पेक्ट्रम म्हणजे थर्मामीटर असं समजतात. थोडा ऑटिझम, मध्यम ऑटिझम, फार ऑटिझम. मग लोक विचारतात, ‘दोघांत जास्त कुणाला आहे?’ भाचा बोलतो, भाची दहा-बारा शब्दांपलीकडे बोलत नाही, म्हणजे तिला जास्त. पण गाडी दोन तास रखडली तर भाची खिडकीवरून ओघळणारं पाणी बघत मजेत बसते आणि भाचा कोसळतो. मग तेव्हा जास्त कुणाला?

एकाच आईबापांची दोन मुलं इतकी वेगळी कशी? याचं उत्तर थोडंसं रक्तात सापडलंय. एका मुलाला ऑटिझम असेल तर पाठच्याला असण्याची शक्यता किती, हे पाहणारा मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सोळाशेच्या वर बाळांवर बाळपणापासून लक्ष ठेवून काढलेला आकडा साधारण २० टक्के आला. पाठचा भाऊ असेल तर चारातला एक, बहीण असेल तर आठातली एक. म्हणजे घरात दोन ऑटिस्टिक मुलं असणं दुर्मीळ नाही. पण मला जास्त नवल वाटलं ते टोरोंटोच्या स्टीफन शेरर यांच्या गटाच्या २०१५ च्या कामाचं. दोन-दोन ऑटिस्टिक भावंडं असलेल्या ८५ कुटुंबांचा संपूर्ण जनुकपट त्यांनी वाचला. निम्म्याहून कमी कुटुंबांत ऑटिझमशी जोडता येणारे बदल सापडले, आणि त्यांतल्या सुमारे ७० टक्के कुटुंबांत एका भावंडातला बदल दुसऱ्यात नव्हताच, त्याचा वेगळाच होता. संशोधकांनाही वाटलं होतं की सख्ख्या भावंडांत कारण एकच असणार. वहिनीला हे सांगितलं तेव्हा ती हसली. म्हणाली, हे शोधायला एवढा खर्च कशाला, आमच्याकडे एक दिवस राहायला यायचं.

पहिल्या प्रवासात आम्ही थोरल्याचा अनुभव धाकटीला लावला. त्याला गाडी आवडते म्हणजे तिलाही आवडेल, उघड्या खिडकीचा डबा बरा. एकत्र बसू, सगळे मिळून सांभाळू. गणपतीचे दिवस म्हणजे कोकणात पावसाळी वेळापत्रक, गाड्या आधीच सावकाश. त्या दिवशी पुढे रुळांवर पाणी आलं आणि आमची गाडी एका लहान स्टेशनाबाहेर थांबली ती थांबलीच. भाच्यानं पाठ केलेली प्रत्येक वेळ खोटी ठरू लागली.

लागोपाठ वेळ चुकली तर आपण वैतागतो, तो का कोसळतो? याबद्दल एलिझाबेथ पेलिकानो आणि डेव्हिड बर यांनी २०१२ मध्ये एक मांडणी केली. मेंदू नुसतं बघत-ऐकत नाही, तो सतत अंदाज बांधत असतो आणि समोरचं त्या अंदाजाशी जुळवून घेतो. अंधारात जिना उतरताना अजून एक पायरी आहे असं धरून पाय टाकावा आणि जमीनच लागावी, तेव्हा अंगभर जो हिसका बसतो तो चुकलेल्या अंदाजाचा. ऑटिस्टिक मेंदूत या अंदाजांचं वजन कमी असावं, म्हणून प्रत्येक गोष्ट कोरी करकरीत, अंगावर येणारी वाटते, असं त्यांचं म्हणणं. हा सिद्धांत आहे, शेवटचा शब्द नव्हे. पण तो मनात ठेवून भाच्याकडे पाहिलं की वेळापत्रकाचं वेड हा हट्ट वाटत नाही. ज्याला पायऱ्या दिसत नाहीत तो कठडा घट्ट धरणारच. आणि त्या दिवशी कठडाच हलला.

त्यानं घोषणा सुरू केल्या. भाची किंचाळली. डब्यातला एक गृहस्थ म्हणाला, ‘जरा धाक लावा पोरांना.’ एका बाईनं भाचीला जवळ घेऊन चॉकलेट दाखवलं. दोघांनाही वाटत होतं की हा हट्ट आहे. हट्टाला हेतू असतो: मूल रडताना मधूनच डोळा उघडून बघतं, आपलं ऐकलं का. संवेदनांच्या भारानं मूल फुटतं तेव्हा त्याला काही मिळवायचं नसतं. त्यामुळे लालूच चालत नाही, धाकही चालत नाही, आणि ‘काय हवंय तुला?’ हा प्रश्न म्हणजे आणखी एक आवाज. करायचं ते इतकंच की उजेड, आवाज, माणसं कमी करायची आणि वाट पाहायची. भरलेल्या स्लीपर डब्यात यातलं काय कमी करणार? शेवटी भाऊ भाचीला घेऊन दोन डब्यांच्या मधल्या बोळात संडासाच्या दारापाशी दीड तास उभा राहिला.

गावात पोचल्यावर कुणीतरी विचारलंच, लहानपणी मोबाइल फार दिला होता का? हा प्रश्न नवा नाही, फक्त त्यातलं यंत्र नवं आहे. १९५० आणि ६० च्या दशकांत ब्रुनो बेटेलहाइम यांच्यासारखी वजनदार माणसं सांगत होती की आईची माया थंड असल्यानं मूल असं होतं. ‘फ्रीजसारख्या आया’ असा शब्दच होता त्यासाठी. तो खोडायला पुढे आला एक बापच. बर्नार्ड रिमलँड हे अमेरिकी नौदलातले मानसशास्त्रज्ञ, मुलगा ऑटिस्टिक. त्यांनी १९६४ च्या पुस्तकात कारण शरीरात आहे असं मांडलं. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टाइन आणि मायकल रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास करून आनुवंशिकतेचा पहिला भक्कम पुरावा दिला. त्याला जवळपास पन्नास वर्षं झाली. वहिनीला ते सगळं त्या अंगणात उभं राहून सांगता येत नव्हतं. ती म्हणाली, ‘नाही हो, जन्मापासूनच आहे,’ आणि सामान आत न्यायला गेली.

पुढच्या वर्षी जायचं ठरलं तेव्हा तयारी आषाढातच सुरू झाली. वहिनीनं दोन वह्या केल्या. भाच्याच्या वहीत स्टेशनं, नंबर, बोगद्यांची यादी, आणि प्रत्येक पानाखाली एक वाक्य: ‘गाडी उशिरा आली तर आपण पुढची वेळ पेन्सिलीनं लिहू.’ पेन्सिलीनं, कारण शाईनं लिहिलेलं त्याच्या लेखी बदलत नाही. ही पेन्सिल म्हणजे माझ्या मते सगळ्या तयारीतली सर्वात हुशार वस्तू. भाचीच्या वहीत शब्द नव्हतेच, फोटो होते: घराचं दार, रिक्षा, फलाट, डबा, बर्थ, कुडाळचं स्टेशन, आजी, झोपाळा, परत घराचं दार. तो शेवटचा फोटो विसरायचा नाही. आपण परत येणार आहोत हे आपण गृहीत धरतो. ते तिला कुणी सांगितलेलं नसतं.

बोलायला तिच्याकडे टॅबवरचं ‘जेलो’ आहे. आयआयटी मुंबईत तयार झालेलं, मराठीतही चालणारं, चित्रावर बोट ठेवलं की शब्द उच्चारणारं अ‍ॅप. टॅबची बॅटरी संपते म्हणून महत्त्वाची आठ चित्रं लॅमिनेट करून किल्ल्यांच्या कडीत अडकवली आहेत: पाणी, शू, दुखतं, नको, आवाज, झोप, आई, थांब. ‘नको’ हे चित्र पहिल्या वर्षी नव्हतं. मुलाला मागता यावं एवढंच आपल्याला सुचतं, नाकारता यावं हे सुचत नाही.

खाण्याचं मी फार लिहीत नाही. ती मऊभात आणि एकाच कंपनीची बिस्किटं खाते, तेवढं बरोबर न्यायचं. नव्या चवीची ओळख प्रवासात करून द्यायची नसते. भाच्याच्या मांडीवर मात्र आजीची जाड गोधडी घडी करून ठेवतात. त्याला वजन लागतं. अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन या ऑटिस्टिक पशुशास्त्रज्ञ अठराव्या वर्षी मावशीच्या गुरांच्या मळ्यावर होत्या. टोचण्यासाठी गुरांना दोन फळ्यांमध्ये दाबून धरत, तेव्हा ती शांत होताना त्यांनी पाहिली आणि स्वतःसाठी तसंच यंत्र बनवलं. हलका स्पर्श अनेकांना सुईसारखा टोचतो, घट्ट दाब मात्र निववतो. म्हणून आल्या-आल्या पोरांच्या गालांवरून हात फिरवणाऱ्या आत्या-मावश्यांनी, मीही त्यातलीच, हात आवरलेले बरे.

वहिनीनं चिठ्ठ्याही छापून घेतल्या. ‘आमची मुलगी ऑटिस्टिक आहे. तिला आवाजाचा त्रास होतो म्हणून ती ओरडते आहे. थोड्या वेळानं शांत होईल. तुम्ही काही करायला नको, फक्त हळू बोला.’ भाऊ याच्या विरुद्ध होता, पोरीच्या गळ्यात पाटी कशाला? हा वाद जगभर चालू आहे. लंडनजवळच्या गॅटविक विमानतळानं २०१६ मध्ये न दिसणाऱ्या अपंगत्वासाठी सूर्यफुलांची हिरवी गळपट्टी सुरू केली. ती आता अनेक देशांत चालते, आपल्याकडे बंगळुरूच्या विमानतळावरही. काही ऑटिस्टिक माणसं ती आनंदानं घालतात, काहींना आपली खासगी गोष्ट चव्हाट्यावर आल्यासारखी वाटते. शेवटी भाच्यालाच विचारलं. तो म्हणाला, त्याला नको, तिच्यासाठी चालेल. तसंच केलं.

कागदावर आपला देश मागे नाही. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात सातच प्रकार होते, ऑटिझम त्यांत नव्हता. २०१६ च्या कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तो आहे. पण कागद आणि काउंटर यांत अंतर असतं. मे २०२२ मध्ये रांचीच्या विमानतळावर घाबरलेल्या एका विशेष मुलाला विमानात चढू दिलं नाही. त्या विमान कंपनीला पाच लाखांचा दंड झाला, आणि पुढे नियमच बदलला: प्रवाशाची तब्येत उड्डाणात बिघडेल असं वाटलं तर विमानतळावरच्या डॉक्टरला विचारायचं, नकार आपल्या मनानं द्यायचा नाही.

गावच्या घरी मला भीती आवाजाची कमी आणि विहिरीची जास्त वाटते. पुष्कळ ऑटिस्टिक मुलं अचानक चालू लागतात, मागे न बघता. अमेरिकेतल्या २०१२ च्या एका पाहणीत निम्म्या पालकांनी सांगितलं की चार वर्षं वयानंतर मूल एकदा तरी असं निघून गेलंय. जी काळजी वाटण्याइतका वेळ बेपत्ता होती, त्यांच्यापैकी जवळपास चौथा हिस्सा बुडण्याच्या धोक्यात सापडलेला. पाण्याची चमक, त्याची लय त्यांना ओढते. भाचीलाही ओढते. आमच्या परसातल्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे, आणि वाडीतल्या पाच घरांत जाऊन भावानं स्वतः सांगितलंय की ही एकटी दिसली तर हाक मारू नका, तिला ती कळेलच असं नाही. आडवे जा, हात धरा आणि आणून सोडा. तिच्या मनगटावरच्या पट्टीवर फोन नंबर आहे. आणि घरात नियम असा की एका वेळी एका मुलाचं एकच माणूस जबाबदार, नाव घेऊन. ‘सगळे आहेत ना’ म्हणजे कुणीच नाही.

आरतीच्या वेळी भाची माजघरात नसते. झांजा, ढोलकी, घंटा आणि तीस माणसांचा आवाज तिला पेलत नाही. पहिल्या वर्षी तिला कानांवर मोठे हेडफोन घालून बसवलं होतं, दर्शनापासून वंचित नको म्हणून. दुसऱ्या वर्षी आजीनंच मोडता घातला. ‘रवांदे तेका,’ म्हणाली. मग सगळे जेवून पांगल्यावर दुपारी तीनला ती एकटी मूर्तीपुढे येऊन बसते आणि वरच्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, टांगलेल्या काकड्या, कवंडळं, सुपाऱ्या बघत राहते. कधी तासभर. भाचा उलट दर आरतीला ढोलकीला खेटून उभा असतो. संध्याकाळी पडवीतल्या झोपाळ्यावर मात्र दोघंही येतात. कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्यांना ती संथ, सारखी लय सुखावते म्हणतात. दोघांना एकाच वेळी हवी असलेली त्या घरातली ती एकच वस्तू, आणि त्यावरून भांडणंही तितकीच होतात.

यंदा भावानं आणखी एक गोष्ट केली, ज्यावर नातेवाइकांनी तोंडं वाकडी केली. दोन गाड्यांची तिकिटं काढली. वहिनी आणि भाची पहाटेच्या १२०५१ जनशताब्दीच्या वातानुकूलित डब्यात: काचा बंद, थांबे कमी, वेळ कमी. भाऊ, मी आणि भाचा त्याच सकाळी मागून १०१०३ मांडवीच्या स्लीपरला, खिडकीची जागा, थांबे भरपूर. ‘कुटुंब म्हणून जायचं तर एकत्र जावं,’ असं एक काका म्हणाले. वहिनीनं त्यांना दीड तास संडासाच्या दारापाशी उभं राहायचं आमंत्रण दिलं नाही, ती तशी सोशिक आहे.

बोगद्यात फोनला रेंज नसते. बाहेर पडलं की साठलेले निरोप एकदम येतात. सकाळी वहिनीचा आला: ‘करबुडे गेलं. झोपली आहे.’ दुपारी आमची गाडी बोगद्यातून बाहेर आली, भाच्यानं गजांवरून गाल काढला, आणि भावानं टाइप केलं: ‘करबुडे गेलं. गाडी मागे घ्या म्हणतोय.’